नऊपैकी पाच मतं: सिएटलच्या कारभारात उतरायचं कसं

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरसेवकांच्या सभागृहात, ९ सदस्य आहेत. एखादा कायदा किंवा अंदाजपत्रकातली दुरुस्ती मंजूर व्हायला सर्वसाधारणपणे ५ मतं लागतात. महापौरांनी तो कायदा नाकारला, तर त्यांचा नकार मोडून काढायला ६. २०२० च्या जनगणनेत ७,३७,०१५ वस्ती नोंदलेल्या या शहरात भाडेकरूंचे हक्क, किमान वेतन, पोलिसांवरचा खर्च, फूटपाथ, वाचनालयाच्या वेळा या सगळ्यांचा निकाल त्या पाच मतांवर लागतो. आणि ती मतं पक्की होण्याआधी या ९ जणांना गाठून बोलणारे सामान्य रहिवासी फार थोडे असतात. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने, मग तो नागरिक असो, ग्रीन कार्डवर असो की एच-१बी वर, या कारभारात वेळेवर शिरावं असं मला मनापासून वाटतं. वेळेवर म्हणजे मतदानाच्या काही आठवडे, जमल्यास काही महिने आधी. शेवटच्या दिवशी सभागृहात आलेली गर्दी बातमीत दिसते, पण तोवर बहुतेक सदस्यांचं मत ठरून गेलेलं असतं.

आधी आपलं शहर कोणतं ते तपासा

हे सांगायची गरज वाटणार नाही, पण इथेच पहिली गल्लत होते. आपण सगळे 'सिएटलला राहतो' म्हणतो. प्रत्यक्षात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल, समामिश, इसाक्वा इथे आहे आणि ही सगळी स्वतंत्र शहरं आहेत. प्रत्येकाचं कौन्सिल वेगळं, नियम वेगळे. बेलव्ह्यूमध्ये ७ जणांचं कौन्सिल आपल्यातूनच महापौर निवडतं आणि रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर पाहतो. रेडमंडमध्ये महापौर थेट निवडून येतो. रेडमंड रिजसारखा भाग तर पत्त्यात रेडमंड असूनही कुठल्याच शहरात मोडत नाही. तिथला कारभार थेट किंग काउंटीकडे आहे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं). तेव्हा टपालाच्या पत्त्यावर विसंबू नका. किंग काउंटीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता घालून हद्द आणि आपले लोकप्रतिनिधी पाहून घ्या.

सिएटलच्या हद्दीत असाल, तर तुमचे तीन कौन्सिल सदस्य आहेत: एक तुमच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे प्रभागाचा, आणि दोन संपूर्ण शहराचे. २०१३ मध्ये मतदारांनी ही पद्धत मंजूर केली आणि २०१५ च्या निवडणुकीपासून ती लागू झाली. त्याआधी सगळेच ९ जण शहरभरातून निवडले जात.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. आपल्याकडे महानगरपालिकेत खरी कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते आणि महापौरपद बरंचसं मानाचं. सिएटलचा महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि पोलिसांपासून उद्यानांपर्यंत सगळी खाती त्याच्या हाताखाली चालतात. कौन्सिल कायदे करतं, पैसा मंजूर करतं आणि खात्यांना जाब विचारतं. त्यामुळे मंजूर झालेलं काम खातं करत नसेल, तर तगादा महापौर कार्यालय आणि खात्याकडे लावायचा. नियमच बदलायला हवा असेल, तर कौन्सिलकडे जायचं.

तक्रार नेमकी कोणाच्या दारात

रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा, फूटपाथवर टाकलेलं सामान यांसाठी राजकारण करायची गरज नाही. शहराचं 'फाइंड इट, फिक्स इट' नावाचं ॲप आहे. फोटो काढा, जागा दाखवा, पाठवा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. काम झालं नाही तर पुढच्या पायरीवर हाच क्रमांक तुमचा पुरावा होतो.

मोठ्या प्रश्नाला मात्र अधिकारक्षेत्र आधी पाहावं लागतं. बस किंग काउंटी मेट्रोची, म्हणजे काउंटीची. लाइट रेल साउंड ट्रान्झिटची, तिची हद्द तीन काउंट्यांत पसरलेली. शाळा वेगळ्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डाच्या. वीज शहराच्याच मालकीच्या सिटी लाइटची, पाणी आणि कचरा सिएटल पब्लिक युटिलिटीजकडे. ऑरोरा ॲव्हेन्यू शहरातून जाते, पण ती राज्य महामार्ग ९९ देखील आहे. तिथे एखादी क्रॉसिंग मागायची तर शहराच्या परिवहन खात्यासोबत राज्याच्या खात्यालाही धरावं लागतं. चुकीच्या कार्यालयात महिनोन्‌महिने पत्रं पाठवून हताश झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मागणी रास्तच होती. अर्धा तास अधिकारक्षेत्र शोधण्यात गेला असता, तर त्यांचं पुढचं वर्ष वाचलं असतं.

मताचा हक्क नसेल, तरी काय काय करता येतं

मतदान फक्त अमेरिकन नागरिकाला. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंदणी करणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यापायी हद्दपारीची वेळ येऊ शकते. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर सहज विचारलं गेलं तरी स्पष्ट 'नाही' म्हणा, घाईत कुठल्याही फॉर्मवर सही करू नका. जनमताच्या याचिकांवर, म्हणजे एखादा प्रस्ताव थेट मतदानाला नेण्यासाठीच्या अर्जांवर, सह्याही नोंदणीकृत मतदारांनीच करायच्या असतात.

निवडणुकीत पैसे देण्याचा नियमही कडक आहे. संघराज्याच्या कायद्याने परदेशी नागरिकांना शहराच्या निवडणुकीतही देणगी देता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना देता येते, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांना नाही. उमेदवाराच्या निधी-मेळाव्याचं तिकीट घेणं हीसुद्धा देणगीच धरली जाते. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला व्हिसाधारकांना मुभा आहे. मात्र प्रचाराचे आणि पैशाचे निर्णय घेण्यात भाग घेता येत नाही.

बाकी जवळजवळ सगळं तुमच्यासाठी खुलं आहे. कौन्सिलपुढे बोलणं, सदस्यांना भेटणं, पत्र लिहिणं, सार्वजनिक नोंदी मागणं, शेजाऱ्यांना एकत्र करणं, यांपैकी कशालाही नागरिकत्व लागत नाही. बोलताना तुमचा व्हिसा कोणीही विचारत नाही आणि तुम्हीही सांगायची गरज नाही. मात्र सभेचं चित्रीकरण होतं, ते सिएटल चॅनेलवर दाखवलं जातं आणि कायम उपलब्ध राहतं. कौन्सिलला पाठवलेला ईमेलही सार्वजनिक नोंद असतो. सध्याच्या वातावरणात व्हिसाची काळजी असलेल्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घेणं शहाणपणाचं. स्वतः न बोलता गटासाठी कागद वाचणं, आकडे काढणं, वेळापत्रकावर लक्ष ठेवणं हेही तितकंच मोलाचं काम आहे आणि ते करणारा माणूस प्रत्येक गटाला हवाच असतो.

एकच मागणी, एका वाक्यात

'आमच्या भागात सुरक्षितता नाही' या वाक्यावर कोणीही मत देऊ शकत नाही. 'या दोन रस्त्यांच्या चौकात पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसवण्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद करा' यावर देऊ शकतं. मागणी अशी हवी की ती ऐकून सदस्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता यावं. कुठे, काय, कधीपर्यंत आणि साधारण किती खर्च, एवढं एका कागदावर बसवा. खर्चाचा अंदाज खात्याच्या जुन्या कामांवरून मिळतो.

मग तीन ते पाच माणसं जमवा. सगळी मराठी असण्याची गरज नाही, किंबहुना नसलेलीच बरी. त्या चौकातला दुकानदार, जवळच्या शाळेतली एखादी पालक, व्हीलचेअर वापरणारे शेजारी, रोज तिथून बस पकडणारी नर्स. सदस्याच्या नजरेत हे त्या डिस्ट्रिक्टचं खरं चित्र असतं.

महाराष्ट्र मंडळाला सोबत घ्यायचं असेल, तर एक मर्यादा आहे. तुमचं मंडळ ५०१ सी ३ प्रकारची करमुक्त संस्था असेल, तर तिला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही. मंडळाच्या व्यासपीठावरून 'यांना निवडून द्या' म्हणणं टाळायलाच हवं. सर्व उमेदवारांना सारख्याच अटींवर बोलावून प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करणं, नव्या नागरिकांसाठी मतदार नोंदणी ठेवणं आणि एखाद्या कायद्याबाबत मर्यादित प्रमाणात भूमिका घेणं चालतं.

कागद कुठे मिळतात आणि त्यात काय वाचायचं

कौन्सिलचं सगळं कामकाज लेजिस्टार नावाच्या प्रणालीवर असतं: सभांचं कॅलेंडर, विषयपत्रिका, विधेयकांचे मसुदे, जुन्या मतदानाचे निकाल. पूर्ण कौन्सिलची सभा साधारणपणे मंगळवारी दुपारी २ वाजता भरते. विधेयक आधी दाखल होतं, मग समितीकडे जातं, समितीत चर्चा आणि मतदान होतं, नंतर ते पूर्ण कौन्सिलपुढे येतं. खरी चिरफाड आणि दुरुस्त्या समितीत होतात. समिती साधारण पाच जणांची असते. समितीतले पाचही जण तुमच्या बाजूने असले, तर पूर्ण कौन्सिलमधलं बहुमत तिथेच झालं. म्हणून पहिलं लक्ष समितीवर ठेवा.

प्रत्येक विधेयकासोबत दोन कागद हमखास शोधा. एक, खर्चाची टिपणी: या कायद्याने किती पैसे, किती माणसं लागतील. दुसरा, 'सेंट्रल स्टाफ'चा मेमो. सेंट्रल स्टाफ म्हणजे कौन्सिलचे पक्षनिरपेक्ष विश्लेषक. ते कुठल्या एका सदस्याचे नसतात, आणि विधेयकातल्या कच्च्या जागा ते शांतपणे लिहून ठेवतात. बातम्या आणि भाषणं ऐकण्यापेक्षा हे चार-सहा पानी मेमो वाचण्यात मला नेहमी जास्त हाती लागलं आहे. तुमच्या मागणीला विरोध कुठून येणार, हे बहुतेक वेळा त्यातच सापडतं.

सदस्यापेक्षा आधी सहायक

प्रत्येक सदस्याच्या कार्यालयात थोडेच सहायक असतात आणि त्यांच्यात विषय वाटलेले असतात. तुमचा विषय पाहणाऱ्या सहायकाचं नाव विचारून घ्या आणि अर्ध्या तासाची वेळ मागा. ऑनलाइन भेटही मिळते. भेटीत पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही कुठे राहता आणि काय हवं ते सांगा, कागद द्या, मग विचारा: 'यात तुम्हाला अडचण कुठे दिसते?' या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. निघताना पुढचं पाऊल ठरवा आणि त्याच दिवशी आभाराचा छोटा ईमेल पाठवा, त्यात ठरलेलं पाऊल लिहा.

इथे राज्याचा एक कायदा समजून घ्यावा लागतो. वॉशिंग्टन राज्याच्या १९७१ च्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार कौन्सिलच्या बहुसंख्य सदस्यांना कारभाराची चर्चा बंद दाराआड करता येत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं साखळीने बोलून बहुमत जुळवणंही बसत नाही. म्हणजे सदस्य एकमेकांशी जितकं बोलत असतील असं आपल्याला वाटतं, तितकं ते बोलू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक कार्यालयात स्वतंत्रपणे जायला हवं. पण एका सदस्याचं मत दुसऱ्याला कळवण्याचं काम आपल्या अंगावर घेऊ नका. त्यातून ते अडचणीत येतात. स्वतःच्या वहीत मात्र ९ नावं लिहा आणि प्रत्येकापुढे पक्का होकार, कल आहे, माहीत नाही, विरोध अशी खूण करत राहा. तुमचा सगळा वेळ 'कल आहे' आणि 'माहीत नाही' या दोन गटांवर खर्च व्हायला हवा.

सभागृहातली दोन मिनिटं

२०२२ मध्ये राज्याने खुल्या सभांच्या याच कायद्यात दुरुस्ती केली. तेव्हापासून जिथे अंतिम निर्णय होणार, त्या सभेत किंवा तिच्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक झालं. सिएटलमध्ये प्रत्यक्ष येऊन किंवा फोनवरून बोलता येतं. नोंदणी सभा सुरू होण्याच्या थोडी आधी उघडते, नेमकी वेळ विषयपत्रिकेवर असते. सहसा दोन मिनिटं मिळतात. गर्दी झाली की अध्यक्ष ती एका मिनिटावर आणतात, म्हणून भाषणाच्या दोन आवृत्त्या खिशात ठेवा. वेळ संपली की माइक बंद होतो. विषय त्या दिवसाच्या पत्रिकेतला किंवा त्या समितीच्या कामातला असावा लागतो. दुभाष्या हवा असेल तर तो आधी कळवून मागता येतो; घरातले ज्येष्ठ मराठीतून बोलणार असतील तर हे आवर्जून करा.

दोन मिनिटांत इंग्रजीचे साधारण अडीचशे शब्द बसतात. रचना अशी ठेवा: नाव, कुठला भाग, कोणत्या विधेयकावर आणि बाजूने की विरोधात, हे पहिल्याच वाक्यात. मग स्वतःला दिसलेली, अनुभवलेली एक गोष्ट. मग एक आकडा. शेवटी नेमकी मागणी. उदाहरणार्थ:

'मी डिस्ट्रिक्ट ५ मध्ये राहते. आज पत्रिकेवर असलेल्या दुरुस्तीला माझा पाठिंबा आहे. माझे सासरे रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि हा रस्ता ओलांडायला त्यांना सिग्नलशिवाय दुसरा मार्ग नाही. सर्वांत जवळचा सिग्नल त्यांच्या चालीने वीस मिनिटांवर आहे. ही तरतूद कायम ठेवा आणि काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुरू करायची अट त्यात घाला.'

घरी मोठ्याने वाचून वेळ लावा. गटातल्या पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे वाटून घ्यावेत. एकच मजकूर पाचदा वाचला तर तो एकदाच ऐकला जातो. सदस्यांवर वैयक्तिक टीका करू नका. पुढच्या महिन्यात याच माणसाचं मत तुम्हाला दुसऱ्या कामासाठी हवं असेल. बोलून झाल्यावर तोच मजकूर ईमेलने नऊही जणांना पाठवा; त्यासाठी एकच सामायिक पत्ता कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे.

जातिभेदविरोधी कायदा कसा झाला

२१ फेब्रुवारी २०२३, मंगळवार. त्या दिवशी सिएटलने भेदभावबंदीच्या कायद्यात 'जात' हा शब्द घातला आणि तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. मतदान ६ विरुद्ध १ झालं. आपल्यासाठी या घटनेचं मोल वेगळं सांगायला नको, पण कार्यपद्धती म्हणूनही ती नीट पाहण्यासारखी आहे.

विधेयक मांडलं होतं क्षमा सावंत यांनी. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या सावंत २०१३ मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या होत्या. पाठीशी दलित हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना, आंबेडकरी गट, कामगार कार्यकर्ते होते. विरोधात काही हिंदू-अमेरिकन संघटना होत्या. या कायद्यामुळे दक्षिण आशियाई समाजालाच संशयाने पाहिलं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही बाजूंनी शेकड्याने ईमेल गेले. शंभराहून जास्त जणांनी बोलण्यासाठी नावं दिली. बोलायची संधी मिळावी म्हणून काही जण मंगळवारी सकाळी थंडीत सिटी हॉलबाहेर रांगेत उभे राहिले.

यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, मागणी छोटी आणि नेमकी होती. नवा विभाग नको, नवा कर नको. नोकरी, घर आणि सार्वजनिक सेवा यांत वंश, धर्म, लिंग यांच्या यादीत एका शब्दाची भर. अंमलबजावणी आधीपासून असलेल्या शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडेच. खर्चाचं कारण पुढे करून कोणाला विरोध करता येण्याजोगी जागा त्यात फार कमी होती. दुसरी, आधीचे दाखले तयार होते: ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये जातीचा समावेश केला होता. तिसरी आणि सर्वांत मोठी, ज्यांनी भोगलं ते स्वतः बोलले. बहुतेक सदस्यांना जात म्हणजे काय याची फारशी माहिती नव्हती. घर भाड्याने घेताना आडनाव विचारलं जाणं, ऑफिसात कोणाच्या खाण्यावरून, कोणाच्या गावावरून अंदाज बांधला जाणं, हे समोर उभं राहून सांगणारी माणसं नसती, तर कुठल्याही मेमोने ते काम केलं नसतं. आपली जात जाहीर सभेत, कॅमेऱ्यासमोर सांगायला किती धैर्य लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराने असाच कायदा केला.

पैशाचा हंगाम

वर्षातून एकच काम करायचं असेल, तर अंदाजपत्रकाचं करा. शहराचं एकूण अंदाजपत्रक ८ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस महापौर आपला प्रस्ताव कौन्सिलला देतात. ऑक्टोबरभर समितीत, म्हणजे इथे सगळ्या ९ जणांच्या समितीत, छाननी आणि जनसुनावण्या. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआसपास अंतिम मतदान. पण खाती आपल्या मागण्या वसंतातच बनवायला घेतात. म्हणून मार्च ते जून या काळात खात्याला आणि महापौर कार्यालयाला भेटून आपली मागणी मूळ प्रस्तावात घालून घेणं सर्वांत स्वस्त पडतं. एकदा प्रस्ताव छापला गेला, की नवीन डॉलर मागणाऱ्याला तो कुठून कापायचा तेही सांगावं लागतं, कारण अंदाजपत्रक तोट्यात ठेवता येत नाही.

पैसे मिळत नसतील तेव्हा दोन हत्यारं उरतात. एक प्रोव्हायझो: ही रक्कम अमुक कामावरच खर्च करायची, अशी अट. दुसरं 'स्टेटमेंट ऑफ लेजिस्लेटिव्ह इंटेंट': खात्याने अमुक तारखेपर्यंत या विषयाचा अहवाल द्यावा, अशी सूचना. दुसरं फुकट असतं, म्हणून ते मिळणं सोपं. यंदा अहवाल आणि पुढच्या वर्षी त्या अहवालाच्या आधाराने पैसा, हा धीराचा पण खात्रीचा मार्ग आहे.

नोंदी मागणं

भारतात २००५ चा माहितीचा अधिकार वापरलेल्यांना हे लगेच जमेल. वॉशिंग्टनचा सार्वजनिक नोंदींचा कायदा १९७२ मध्ये थेट जनमताने आला. भारतातला अधिकार नागरिकांपुरता आहे. इथे कोणीही मागू शकतो आणि कशासाठी हवं ते साधारणपणे सांगावं लागत नाही. पाच कामकाजी दिवसांत कार्यालयाने नोंद द्यायची, नाकारायची, किंवा किती वेळ लागेल ते कळवायचं. हे तिसरं उत्तरच बहुधा येतं, आणि मोठी मागणी असेल तर महिने जातात. म्हणून मागणी अरुंद ठेवा: अमुक चौक, अमुक दोन वर्षं, अपघातांच्या नोंदी आणि खात्याचे त्याविषयीचे ईमेल. खासगी फोनवरून केलेले कामाचे टेक्स्ट मेसेजही सार्वजनिक नोंदी आहेत, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं आहे. अर्ज करण्याआधी शहराच्या ओपन डेटा पोर्टलवर मात्र नक्की पाहा, बरेच आकडे तिथे तयार असतात.

निवडणुकीचं वर्ष आणि १०० डॉलरची व्हाउचर्स

शहराच्या निवडणुका विषम वर्षांत होतात. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरात. मतपत्रिका टपालाने घरी येते. ती भरून पोस्टात किंवा ड्रॉप बॉक्समध्ये टाकायची, ड्रॉप बॉक्स मतदानाच्या दिवशी रात्री ८ ला बंद होतात. नव्याने नागरिक झालेल्यांना प्रत्यक्ष जाऊन त्या दिवशीही नोंदणी करता येते. प्राथमिक फेरीसाठी पसंतीक्रमाची पद्धत मतदारांनी २०२२ मध्ये मंजूर केली असून ती २०२७ पासून यायची आहे.

डेमोक्रसी व्हाउचर ही सिएटलची स्वतःची गोष्ट. २०१५ मध्ये जनमताने मंजूर झालेली ही योजना २०१७ च्या निवडणुकीत पहिल्यांदा वापरली गेली. पात्र रहिवाशाला २५ डॉलरची चार व्हाउचर्स मिळतात आणि ती योजनेत सामील झालेल्या उमेदवाराला देता येतात. पैसा मालमत्ता कराच्या ठरावीक लेव्हीतून, म्हणजे मुदतीच्या खास आकारणीतून येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारांनी ती पुढे चालू ठेवली. मतदारांना व्हाउचर्स आपोआप येतात. १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकांनाही ती मिळू शकतात, पण त्यांना अर्ज करावा लागतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. ती विकता येत नाहीत. घाईने देऊन टाकू नका. उमेदवार दारात आला की आधी आपल्या चौकाबद्दल, आपल्या भाड्याबद्दल विचारा.

किती मतांनी फरक पडतो, याचे दाखले इथे वाटेल तेवढे. शेजारच्या सीटॅक शहरात १५ डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव २०१३ मध्ये ७७ मतांनी जिंकला. पुढच्याच जूनमध्ये सिएटलच्या कौन्सिलने तो मार्ग एकमताने धरला आणि २०२५ मध्ये शहरातलं किमान वेतन तासाला २०.७६ डॉलरवर पोचलं. सावंत यांना मतदानाने पदावरून परत बोलावण्याचा २०२१ चा प्रयत्न सुमारे ३०० मतांनी फसला. २०२५ मध्ये ट्रान्झिट रायडर्स युनियनच्या सहसंस्थापक केटी विल्सन यांनी पदावर असलेल्या महापौर ब्रूस हॅरल यांना सुमारे २,००० मतांनी हरवलं. बसच्या प्रवाशांची संघटना बांधत आलेली बाई महापौर झाली.

कौन्सिल ऐकतच नसेल तर

जनमताची याचिका हा शेवटचा मार्ग. मागच्या महापौर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या १० टक्के वैध सह्या लागतात. परवडणाऱ्या सार्वजनिक घरांसाठीच्या इनिशिएटिव्ह १३५ ला २६ हजारांहून थोड्या जास्त सह्या हव्या होत्या. पहिल्या खेपेला वैध सह्या कमी पडल्या, आणखी जमवाव्या लागल्या आणि प्रस्ताव नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारी २०२३ मध्ये मतदानाला गेला. तरी तो जिंकला. धडा साधा: गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या घ्या, कारण हद्दीबाहेरचे आणि नोंदणी नसलेले लोक सही करून जातातच. त्या घरांसाठीचा पैसा त्या प्रस्तावात नव्हता. तो फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या मतदानाने आला: १० लाख डॉलरवरच्या वार्षिक मोबदल्यावर ५ टक्के कर, आणि तो नोकरी देणाऱ्याने भरायचा. कौन्सिलने समोर पर्यायी प्रस्ताव ठेवला होता, मतदारांनी तो नाकारला.

मंजुरीनंतरची कामं

१४ मे २०१८ रोजी कौन्सिलने मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे २७५ डॉलरचा कर ९ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. उद्योगांनी तो उलटवण्यासाठी सह्यांची मोहीम उभारली आणि १२ जूनला त्याच कौन्सिलने तो ७ विरुद्ध २ ने मागे घेतला. एक महिनासुद्धा टिकला नाही. २०२० मध्ये कौन्सिल सदस्य टेरेसा मॉस्केडा यांनी वेगळ्या रचनेचा, जास्त पगारांवर बसणारा कर आणला, तो ७ विरुद्ध २ ने झाला आणि टिकला. पहिल्या पराभवानंतर लोक घरी बसले असते तर तो आलाच नसता.

म्हणून कायदा मंजूर झाल्यावर तीन तारखा लिहून ठेवा. महापौरांच्या सहीनंतर तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, ती तारीख. खातं अंमलबजावणीचे नियम बनवताना लोकांच्या सूचना मागवतं, त्याची अंतिम मुदत. इथे बोलणारे फार थोडे असतात, आणि पळवाटा इथेच राहतात किंवा बुजतात. आणि पुढच्या सप्टेंबरात महापौरांचा प्रस्ताव येईल तो दिवस, कारण त्यात या कामासाठी माणसं आणि पैसे धरलेत की नाही ते पहिल्याच आठवड्यात पाहायचं असतं. सापडले नाहीत, तर पहिल्या भेटीतल्या त्याच सहायकाला फोन लावा.